जुन्या घाटातली नाचणी

प्रिय संकेत भावोजी,

तुम्हाला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. घरात असलात की स्वयंपाकघरातून नुसती हाक मारली तरी यायचात, आणि बाहेर असलात की फोन उचलायचा नाही, हा तुमचा खाक्या! पण आज दुपारी तुमची आई अंगणात जे बोलली ते मला कुणालाच सांगता येत नाहीये. तुमच्या दादांना मुंबईला फोन लावला. ते म्हणाले, "जेवलीस का?" मी म्हटलं, "जेवले." आणि ठेवून दिला. माहेरी महाडला सांगावं तर आई रडायला लागेल, आणि वाडीत तर तोंडच उघडायची सोय नाही. का नाही, ते तुम्हाला पुढे कळेलच. म्हणून तुम्हाला लिहितेय.

यंदा नाचणी बरी आलीय हो. डोंगरावरच्या तुकड्यात डुकरांनी नासधूस केली, तरी उरली ती भरपूर. कणसं कापून पडवीत आणून टाकली आणि आम्ही दोघी सासू-सुना त्या ढिगाच्या कडेकडेने जाऊ लागलो. आत्याबाई पाण्याला निघाल्या की तिकडे बघत नाहीत. मीही केर काढताना तेवढा कोपरा सोडून देते. वाळत कुठे घालायची हे विचारायचं कुणी? गेल्या साली ती कुठे घातली होती, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे.

बोगदा झाला आणि सगळी वाहतूक तिकडे वळली, तेव्हा कशेडीचा जुना रस्ता वाडीला आंदणच मिळाला. मी लग्न होऊन आले तेव्हा ट्रकच्या रांगेतून तो ओलांडायला जीव मुठीत धरावा लागायचा. आणि आता? दुपारी गुरं मधोमध रवंथ करत बसतात. बायका वाळवण घालतात. आणि तुम्ही! तुम्ही त्याचा शर्यतीचा ट्रॅक करून टाकलात.

त्या मोटरसायकलचं काय खूळ होतं हो तुम्हाला! आरसे काढलेत, पुढच्या दिव्यावर चिकटपट्ट्या मारल्यात. आत्याबाई म्हणाल्या, "मेल्या, चांगल्या गाडीला आंधळी केलीस रे!" तुम्ही त्यांना समजावत बसलात की शर्यतीत पडलं तर काचा रस्त्यावर उडायला नकोत. पडलं तर, एवढंच त्यांनी ऐकलं. मग देवापुढे नारळ ठेवून आल्या.

तुम्ही पुण्याच्या पोरांबरोबर एकदा दक्षिणेतल्या त्या खऱ्या ट्रॅकवर जाऊन आलात. तो एकच दिवस, पण पुढे महिनाभर आम्हाला त्यावाचून दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. "वयनी, तिथं समोरनं कोण येतच नाय! म्हैस नाय, एसटी नाय, कोण नाय!" केवढं आश्चर्य होतं तुमच्या तोंडावर! एखाद्याने पंढरी बघून यावं तसे बोलत होतात. नवशिक्यांच्या शर्यतीत उतरायचं, हे तिकडूनच डोक्यात घेऊन आलात.

वळण कसं घ्यायचं ते मला भाकरीच्या पिठात शिकवलंत, आठवतं? मी परातीत पीठ घेतलेलं, पाणी घालणार एवढ्यात तुम्ही बोटाने त्यात घाट काढलात. शिरताना बाहेरून, मध्ये आतल्या कडेला चिकटून, निघताना पुन्हा बाहेर. "लाइन चुकली का गेला माणूस." मी म्हटलं, "आणि भाकरी चुकली की उपाशी राहील माणूस. बोट काढा!" पण मला कळलं होतं हो. तेव्हापासून एसटीने पोलादपूरला जाताना ड्रायव्हर लाइन धरतो का, तेच बघत बसते.

आणि मला कामाला लावलंत ते वेगळंच. रविवारी सकाळी दव सुकलं की तुम्ही खराटा घेऊन आधी चालत घाट झाडायचात. घरात कधी केर काढला नाहीत, पण घाटातला एकेक खडा वेचायचात! मग मला मागे बसवून वरच्या वळणावर नेऊन सोडायचात. खेडकडून गाडी येताना दिसली की मी लाल टॉवेल हलवायचा. खालच्या वळणावर तुमचा मित्र प्रथमेश, त्याच्याकडेही तसाच टॉवेल. दोन्हीकडे माणूस उभा असल्याशिवाय गाडी पळवायची नाही, हा नियम तुमचाच. पोलीस एकदा हुसकून गेले, दादा फोनवर ओरडले, तरी तुम्ही हाच नियम पुढे करायचात. "आम्ही काय येड्यासारखी चालवतो का?"

मग त्या रविवारी का मोडलात हो तो नियम?

प्रथमेशला कंपनीत पहिली पाळी लागली होती. मी म्हटलं होतं, आज राहू द्या. म्हटलं होतं की नाही, सांगा! पण शर्यत जवळ आलेली, टायर नवे चढवलेले. "खालनं काय येत नाय वयनी, आपल्याच वाडीची पायवाट हाय ती." पायवाट आपल्याच वाडीची होती, खरं आहे. तिच्यावरून आपलंच माणूस आलं.

पण मला राग येतो तो त्याच्या आदल्या संध्याकाळचा. तुम्ही जेवत होतात. आत्याबाई कणसांच्या टोपल्यांशी काहीतरी करत बसल्या होत्या. म्हणाल्या, "रविवार आला का वर-खाली करत बसतोस, फुकट पेट्रोल जाळतोस. तेवढ्यात माझी नाचणी तरी मळून झाली असती." आणि तुम्ही तोंडात घास ठेवून म्हणालात, "पसर की गो आई! दोन फेऱ्यांत पीठ करून देतो तुला."

मी हसले. तुम्ही हसलात. त्याही हसल्या.

भावोजी, तुमच्या आईला थट्टा कधी कळली होती का हो? तुम्ही एकदा गमतीने "मला मुंबईची बायको बघ" म्हणालात, तर त्या खरंच परळच्या मावशीला निरोप धाडून मोकळ्या झाल्या होत्या. मावशीने मुलीचा फोटोसुद्धा पाठवला! चार दिवस तुम्ही घरात तोंड लपवून फिरलात. एवढं सगळं झालेलं असून पुन्हा तोंडाला आलं ते बोललातच! त्यांना वाटलं, पोरगा म्हणतोय ना, मग करू या. पोराच्या हौसेत आपलंही एक काम उरकेल. वाडीतल्या बाकीच्या बायका रस्त्यावर कणसं घालतातच की, जाणाऱ्या गाड्यांखाली मळून निघतात. आत्याबाई तरी दुसरं काय करत होत्या?

त्या सकाळी तुम्ही दोनदा खाली जाऊन वर आलात. मग माझ्याजवळ गाडी लावून पाणी प्यायलात. गुडघ्याला बांधलेली ती प्लास्टिकची वाटी दाखवलीत, तिला घासल्याच्या रेघा पडल्या होत्या. "बघा वयनी, टेकला गुडघा! रस्त्याला टेकला!" शाळेतलं बक्षीस दाखवावं तसा पाय पुढे केलात. मी म्हटलं, "छान. आता नाक टेकवू नका."

तेवढ्याच वेळात आत्याबाई पायवाटेने वर आल्या असणार. तुमच्या गाडीचा आवाज थांबला तसा त्यांना रस्ता मोकळा वाटला असेल. खालचं वळण संपतं तिथे ऊन आधी पडतं. दोन टोपल्या त्यांनी तिथे ओतल्या, हाताने सारख्या केल्या आणि तिसरी आणायला घरी उतरल्या. वरून मला ते वळण दिसत नाही. तुम्हालाही वळल्याशिवाय दिसायचं नाही.

तुम्ही हेल्मेट घातलंत आणि गेलात. मी आवाज ऐकत होते. कुठे गिअर उतरवता, कुठे चढवता, मला आवाजावरून कळायला लागलं होतं. खालच्या वळणाला उतरवलात. मग चढवल्याचा आवाज आलाच नाही.

मी धावले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला नावाने हाक मारली, संकेत, संकेत, असं ओरडत धावले. वाडीतले गंगारामकाका तिथेच वर गवत कापत होते, ते माझ्याआधी पोचले. रस्त्यावर नाचणी विखुरलेली. मोहरीएवढा तो दाणा, गुळगुळीत, वर कणसांचा भुसा. त्यावरून मीसुद्धा घसरून गुडघ्यावर पडले. तुमचे नवे टायर तरी काय करणार होते?

काकांनी खेडहून आलेला टेम्पो थांबवला. तुम्हाला मागे ठेवलं, डोकं माझ्या मांडीवर. तुम्ही शुद्धीवर होतात. मला वाटलं, डोळे उघडे आहेत म्हणजे वाचले. तुम्ही म्हणालात, "वयनी, आईला नाय सांगायचं हां." नेहमी म्हणायचात तसंच! कोपर खरचटलं तरी हेच, पाय मुरगळला तरी हेच. मी नेहमीसारखंच म्हटलं, "नाही सांगत, गप्प पडा." आपण संध्याकाळी घरी येणार असल्यासारखे बोललो दोघं. पोलादपूरला डॉक्टरांनी बघितलं आणि महाडला न्या म्हणाले. महाड यायच्या आत तुम्ही गेलात. माझं माहेर दोन वळणांवर होतं आणि मला काही म्हणजे काही करता आलं नाही.

इकडे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नसेल.

टेम्पो निघाला तसं मागे राहिलेल्या गंगारामकाकांनी आंब्याची फांदी तोडली आणि रस्ता झाडला. दाणान् दाणा खाली दरीत लोटला. आत्याबाई तिसरी टोपली डोक्यावर घेऊन चढून आल्या तेव्हा गाडी गटारात पडलेली आणि रस्ता साफ. काकांच्या तोंडातून निघालं, "डुक्कर आडवं आलं गो." बस्स, एवढंच. संध्याकाळपर्यंत वाडीत प्रत्येकाच्या तोंडी डुक्कर होतं. कुणी कुणाला बजावलं नाही, बैठक भरली नाही. ज्या वाडीत दोन घरांच्या बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे, ती सगळी वाडी या एका गोष्टीत एक झाली. शाळेतली पोरंसुद्धा डुक्करच म्हणतात. तुमच्या दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईला खरं कळलं तर ती जगायची नाय." आणि तुम्ही तर आधीच सांगून गेला होतात.

म्हणून मी गप्प राहिले. वर्षभर, भावोजी! तुमचं वर्षश्राद्ध झालं, लोक जेवून गेले, कुणीतरी पुन्हा डुकराचा विषय काढला, आणि मी वाढत होते ती वाढतच राहिले.

एकदा आत्याबाईंनी विचारलं होतं, "माझी दोन टोपल्या नाचणी खय गेली?" गंगारामकाका म्हणाले, "डुकरानंच उधळली, खाल्ली." त्यांनी मान हलवली. मला केवढं हायसं वाटलं! पटलं म्हटलं त्यांना. पुढे शेताच्या कडेला डुकराचे खूर उमटलेले दिसले की त्या त्यावर थुंकायच्या. शिव्या तरी किती! मी मनात म्हणायचे, बरं झालं, राग काढायला कुणीतरी मिळालं. खोटं बोललो ते कामी आलं.

मला काय कळतं हो?

आज दुपारी मी धीर केला. कणसं तशीच ठेवली तर बुरशी धरेल, म्हणून म्हटलं, "आत्याबाई, अंगणातच घालू या ना वाळत? मी सारवून घेते."

त्या म्हणाल्या, "अंगणातच. रस्त्यावर नाय न्यायची."

वाटलं, कुणी सांगितलं यांना? तोंडातून निघून गेलं, "का?"

"डुक्कर येतं गो वासानं," त्या म्हणाल्या. "गेल्या साली मीच आणलं त्याला."

त्या कणसं निवडत होत्या, हात थांबला नाही. "तू वर व्हतीस, तुला काय दिसणार? मी दोन टोपल्या पसरल्या नि घरला आले. मागनं त्याला वास लागला. ते खायाला आलं, नि वरनं माझं पोर आलं. नाचणी नसती तर ते डुक्कर कशाला भर उन्हाचं रस्त्यात येत व्हतं?"

वर्षभर, भावोजी! वर्षभर ही बाई हे पोटात घेऊन आमच्यात वावरत होती. आम्ही सगळे मिळून जे तिच्यापासून लपवत होतो, तिथेच ती आमच्याच खोट्याचं बोट धरून जाऊन बसली होती. आणि आम्ही तिच्यासमोर डुक्कर, डुक्कर करत होतो. दर वेळी तिला ते कसं लागत असेल!

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "नाय आत्याबाई, ते डुक्कर रोजच उतरायचं तिथनं. नाचणी नसती तरी आलं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो, जरा कीव आल्यासारखं. म्हणाल्या, "तू म्हाडची. तुला काय ठाव डुकराचं?"

खरंच होतं ते. बाजारपेठेत वाढलेली मुलगी, रानडुक्कर इथे येईपर्यंत चित्रातसुद्धा नीट बघितलं नव्हतं. त्या जन्मभर डुकरांपासून शेत राखत आल्या. खोटं तरी मी कुणाला सांगायला गेले!

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? खरं सांगते म्हटलं, डुक्कर नव्हतंच, तर मग काय होतं? नाचणी. डुक्कर काढलं तरी नाचणी, ठेवलं तरी नाचणी. तिसरं काही म्हणजे तुमची थट्टा. "तुमच्या पोरानेच पसर म्हणून सांगितलं होतं, तुमची काय चूक?" असं म्हणू? ओठांवर आलं होतं माझ्या, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की आत्याबाईंनी ते सांगितलंच नाही. नाचणी, डुक्कर, टोपल्या, सगळं सांगितलं, पण तुम्ही "पसर की गो आई" म्हणाला होतात हे नाही. विसरल्या असतील? त्या? कोणती म्हैस कोणत्या साली व्याली ते ज्यांना आजही पाठ आहे, त्या? नाही भावोजी. तेवढं त्यांनी गिळलंय. तुमच्यावर बोट यायला नको म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलंय. पोटच्या पोराला वाचवायचं तेवढंच राहिलं होतं, ते करतायत.

तुम्ही मला सांगितलंत, आईला सांगू नका. ती आम्हाला सांगत नाही. आम्ही तिला सांगत नाही. एका चुलीवर जेवतो आम्ही, आणि तुमच्यापायी तिघंही एकमेकांशी खोटं बोलतोय. दादा तिकडून, आम्ही इकडून. तुम्ही असतात तर एका शब्दात सोडवलं असतंत. "येडी काय गो आई, माझीच लाइन चुकली," म्हणाला असतात, आणि तुमचं मात्र त्यांना पटलं असतं. माझं कोण ऐकतंय?

खूप रागावलेय मी तुमच्यावर. तो नियम मोडल्याबद्दल आणि त्या घासाबरोबरच्या थट्टेबद्दल. आणि इतकं सगळं करून ऐकून घ्यायला घरात थांबला नाहीत, याचा सगळ्यात जास्त राग आहे. दीर-भावजयीचं भांडण असं एकीनेच भांडायचं असतं का?

अंगण सारवून झालंय. सकाळी कणसं घालू. चार-पाच उन्हं लागली की आम्ही दोघी काठ्या घेऊन समोरासमोर झोडायला बसू, आणि मला माहीत आहे, झोडता झोडता त्या पुन्हा म्हणणार, "मीच आणलं त्याला." एकदा तोंडातून निघालंय, आता ते थांबायचं नाही.

त्यांना खरं सांगेन असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही, भावोजी. नाही सांगणार असंही आता छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. मला खरंच काही कळेनासं झालंय. पण एवढं नक्की करीन. त्यांनी जितक्या वेळा "मीच" म्हटलं, तितक्या वेळा मी "नाय आत्याबाई" म्हणेन. त्यांना पटणार नाही, त्या मला महाडची म्हणून गप्प करतील, तरी म्हणेन. उद्या म्हणेन, पुढच्या साली नाचणी निघेल तेव्हा म्हणेन, आणि त्या म्हाताऱ्या होऊन माझं नावसुद्धा विसरल्या तरी त्यांच्या कानाशी वाकून म्हणेन, नाय आत्याबाई, तुम्ही नाय.

तुमची वहिनी,
सुजाता